पाणी पाणी होणारा दगड

एक कोडं ओळखा पाहू. असा दगड कोणता, जो थंडीत वर्षानुवर्षं ताठ उभा राहतो, पण जरा ऊब लागली की पाणी सोडतो आणि त्याचा भुगा होतो?

‘बर्फ!’ असं तुम्ही ओरडला असाल. उत्तर चुकलं, पण अगदीच काही चुकलं नाही. बर्फाकडे आपण पुढे येऊच. या दगडाचं नाव आहे आयकाइट.

आधी त्याचं घराणं पाहू या. खनिजं हजारो प्रकारची आहेत. त्यांची नीट ओळख पटावी म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले आहेत. ज्यांच्यात ऑक्सिजन धातूला चिकटलेला असतो ती ऑक्साइडं, गंधक असतं ती सल्फाइडं. कार्बनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे तीन अणू अशी चौकडी ज्यांच्यात असते, ती कार्बोनेटं. आयकाइट या कार्बोनेटांच्या घराण्यातला. त्यातही कॅल्शियम कार्बोनेटच्या घरातला.

हे घर तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे. अंड्याचं कवच, समुद्रावरचे शिंपले, चुनखडी, संगमरवर, सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात पोकळ्या असतात. त्यांतही कॅल्शियम कार्बोनेटचे चकचकीत स्फटिक सापडतात. त्यांना कॅल्साइट म्हणतात. कॅल्साइट, ॲरागोनाइट आणि व्हॅटेराइट ही तीन सख्खी भावंडं. तिघांत अणू तेच, फक्त त्यांची मांडणी वेगळी. या तिघांच्या स्फटिकात पाणी नसतं.

याच घरातली दोन भावंडं मात्र पाणीदार आहेत. मोनोहायड्रोकॅल्साइटमध्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या जोडीला पाण्याचा एक रेणू असतो. आयकाइटमध्ये तर सहा! म्हणजे १०० ग्रॅम आयकाइट घेतला, तर त्यात सुमारे ५२ ग्रॅम पाणीच असतं. निम्म्याहून जास्त पाणी असलेला दगड!

‘मग तो ओला लागतो का?’ असं कुणीतरी विचारणारच. नाही. हे पाणी स्पंजात शोषलेल्या पाण्यासारखं सुटं नसतं. ते स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं असतं. त्याला स्फटिकजल म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाचे निळे खडे पाहिलेत ना? सरांनी ते परीक्षानळीत तापवले की आतलं पाणी निघून जातं आणि पांढरी पूड उरते. आयकाइटचंही असंच, फक्त त्याला दिवा लागत नाही. तळहाताची ऊबसुद्धा पुरते!

आता त्याचे गुणधर्म. रंग पांढरा किंवा रंगहीन. कठिनता सुमारे ३, म्हणजे सुरीच्या टोकाने सहज ओरखडा उठेल इतकीच. आकारमान तेवढंच घेतलं, तर तो पाण्याच्या सुमारे १.८ पट जड. कॅल्साइट २.७ पट जड असतो. पाणी भरलेलं असल्याने आयकाइट हलका! त्याचे स्फटिक ‘एकनत’ प्रकारचे. काड्यापेटीचं रिकामं खोकं एका बाजूने जरासं दाबा. ते जसं कलतं, तशी ही रचना.

हा दगड पहिल्यांदा निसर्गात सापडला तो ग्रीनलंडच्या नैऋत्येला, इक्का नावाच्या अरुंद खाडीत. तिथे समुद्राच्या तळातून शेकडो पांढरे खांब वर आलेले आहेत. काही तर २० मीटर उंच, म्हणजे सहामजली इमारतीएवढे. तिथल्या लोकांची एक दंतकथा आहे. फार पूर्वी पळून जाणारे परके लोक खाडीवरचा बर्फ फुटून बुडाले आणि त्यांचेच हे खांब झाले, अशी. डेन्मार्कचे खनिजशास्त्रज्ञ हान्स पाउली यांनी या खांबांचा अभ्यास केला आणि १९६३ साली नव्या खनिजाची माहिती प्रसिद्ध केली. गंमत म्हणजे, १८६५ मध्येच पेलूझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हाच पदार्थ प्रयोगशाळेत बनवला होता. पण तो निसर्गात कुठे मिळतो, हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली!

हे खांब तयार कसे होतात? खाडीच्या तळातून झरे फुटतात. त्यांच्या पाण्यात आपल्या धुण्याच्या आणि खायच्या सोड्यासारखे क्षार असतात. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं. दोघांची गाठ पडली की कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. एरवी त्याचा कॅल्साइट झाला असता, पण झऱ्यातलं फॉस्फेट त्याला अडवतं आणि पाणीही थंडगार असतं. म्हणून आयकाइट होतो. झऱ्याचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, ते सरळ वर चढतं. खांबही त्याच्याबरोबर वर वाढत जातो.

आता बर्फाकडे येऊ. बर्फ हेही खनिजच आहे! निसर्गात तयार झालेला, घन, ठरलेल्या घटकांचा आणि अणूंची नीटनेटकी मांडणी असलेला पदार्थ म्हणजे खनिज. बर्फ या कसोटीला उतरतो. पण एक फरक लक्षात ठेवा. बर्फ वितळला की नुसतं पाणी उरतं आणि ते गोठवलं की पुन्हा बर्फ होतो. आयकाइट वितळत नाही, तो मोडतो. पाणी वेगळं होतं, कॅल्साइट वेगळा उरतो. नंतर नुसतं थंड करून तो परत येत नाही.

कधीकधी मात्र मोडतानाही त्याचा बाहेरचा आकार टिकतो. चिखलात वाढलेल्या आयकाइटच्या जागी हळूहळू कॅल्साइट भरत जातो. अंगावर वेश आयकाइटचा, आत कॅल्साइट, अगदी आपल्या बहुरूप्यासारखं! अशा दगडांना ग्लेंडोनाइट म्हणतात. हे नाव १९०५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्लेंडन या गावावरून पडलं. पण हा वेश कुणाचा, हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळातल्या गाळात आयकाइट सापडला, तेव्हा १९८२ मध्ये त्याचं उत्तर मिळालं.

त्या ग्लेंडोनाइटच्या काळात, कोट्यवधी वर्षांपूर्वी, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपला भारत एकाच महाखंडात जोडलेले होते. त्याचं नाव गोंडवन, आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून दिलेलं. निसर्गात आयकाइट बहुधा सात अंश सेल्सियसहून थंड पाण्यातच आढळतो. म्हणून ग्लेंडोनाइट दिसला की ‘इथे कधीकाळी कडाक्याची थंडी होती’ असा अंदाज बांधता येतो. जणू दगडी थर्मामीटर! पण साक्षीदाराची उलटतपासणी हवीच. २०२० मध्ये संशोधकांनी प्रयोगशाळेत ३५ अंशांनाही आयकाइट तयार होतो, असं दाखवून दिलं. त्यामुळे आता दुसरे पुरावेही पाहावे लागतात.

इक्काच्या खांबांची काळजी मात्र खरी आहे. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश बाकी पृथ्वीपेक्षा वेगाने तापतो आहे. खाडीचं पाणी काही अंशांनी जरी कायमचं तापलं, तरी हे खांब आयकाइटचे राहणार नाहीत. पर्वत कोसळायला लाखो वर्षं लागतात, पण हा दगड तुमच्या-माझ्या आयुष्यातच नाहीसा होऊ शकतो.

आयकाइट काही आपल्याला हातात घ्यायला मिळणार नाही. पण त्याच्या घराण्याची ओळख घरच्या घरी पटते. आईला किंवा बाबांना जवळ बसवा. अंड्याच्या कवचाचा तुकडा वाटीत ठेवा आणि त्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड वायू. मग शिंपल्याचा तुकडा, अंगणातला काळा खडा आणि फरशीचा मोडका तुकडा यांवरही करून पाहा. बुडबुडे कशावर आले, कशावर नाही, हे वहीत लिहून ठेवा. दगडांचे गट पाडायला तुम्हीही सुरुवात केलीत की!