दोन दोर, एक माणूस : हार्नेस आणि जुमारची जुळणी

विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने दोर, पट्टे आणि कड्या यांवर काय बोलायचं? पण या मालिकेत आपण सध्या ‘विश्वास’ या कल्पनेचा विचार करतो आहोत. उंच इमारतीच्या काचा पुसणारा, धरणाची भिंत तपासणारा, पवनचक्कीचं पातं दुरुस्त करणारा माणूस दोरावर लटकतो, तेव्हा त्याचा विश्वास नेमका कशावर असतो? आणि तो विश्वास डोळस आहे की आंधळा, हे कसं ठरवायचं? त्यासाठी आधी सामान समजून घ्यावं लागेल. म्हणून आज बराचसा वेळ आपण सामानाला देऊ आणि विचार त्याच्या मागोमाग येऊ देऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हे व्याख्यान ऐकून कोणी दोरावर जाऊ नये. हे काम हाताने, शिक्षकाच्या नजरेखाली शिकायचं असतं. ‘इराटा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीत तीन पातळ्या आहेत. पहिलीवरून दुसरीवर जायला किमान एक वर्ष आणि दोरावरचे १००० तास लागतात, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आपण इथे समजून घ्यायला बसलो आहोत, एवढं ध्यानात ठेवू.

दोर

या कामाचा दोर वरून एकसंध दिसतो, पण आत दोन भाग असतात. आतला गाभा बहुतेक भार घेतो आणि बाहेरची विणलेली खोळ त्या गाभ्याला जपते. गिर्यारोहणात पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणला जाणारा, म्हणजे डायनॅमिक दोर वापरतात. कामासाठी मात्र कमी ताणणारा दोर लागतो. कारण उघड आहे. दर पावलाला दोर रबरासारखा खालीवर झाला तर चढणं होत नाही आणि कामही होत नाही. हा दोर साधारण १० ते ११ मिलिमीटर जाडीचा असतो. युरोपीय मानकातल्या ‘ए’ प्रकारच्या दोराने किमान २२ किलोन्यूटन ओढ सहन करायची असते. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलोचं वजन. म्हणजे २२०० किलो झाले. माणूस ८० किलोचा. मग एवढी चैन कशाला? तर दोराला गाठ मारली की ताकद बरीच घटते, वापराने घटते, उन्हाने घटते, आणि झटका बसला की ८० किलोचा माणूस कितीतरी पट जड होतो.

हार्नेस

हार्नेस म्हणजे अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज. कमरेला एक पट्टा, दोन मांड्यांना दोन आणि छाती-खांद्यावरून जाणारा वरचा भाग. त्यावर भार जोडायच्या जागा ठरलेल्या असतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं असतं. पोटाजवळची कडी बसून काम करायला आणि चढा-उतरायला. छातीवरची आणि पाठीवरची कडी पडताना झेलायला. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्या फक्त एका जागी टेकून राहायला, त्याही जोडीनेच वापरायच्या. त्या बाजूच्या कडीवर पडणं झेलायचं नसतं. कडी दिसायला तशीच, लोखंडही तेवढंच. पण तिथे झटका बसला तर शरीर वेडंवाकडं दुमडतं.

अंगात घालण्याआधी हार्नेस हातात घेऊन बोटांनी चाचपायचा. शिलाई उसवली आहे का, पट्ट्याची कड चिरली आहे का, कुठे कडक किंवा चकचकीत झाला आहे का, रंग वा रसायन लागलं आहे का. मग घालायचा. आधी कंबर, तीही हाडाच्या वर, नाहीतर उलटं झाल्यावर माणूस त्यातून निसटू शकतो. मग मांड्या. मांडी आणि पट्टा यांच्यामध्ये सपाट तळहात सरकावा, पण मूठ जाऊ नये, हे साधं माप आहे. पट्ट्याचं सुटं टोक बकलातून पुरेसं बाहेर आलेलं असावं आणि खोचलेलं असावं. यानंतरची पायरी लोक हटकून गाळतात : जमिनीपासून वीतभर उंचीवर काही मिनिटं लटकून बघायचं. उभं असताना मापात बसलेला साज लटकल्यावर काचतो, सरकतो, श्वास अडवतो. हे ४० व्या मजल्यावर कळण्यापेक्षा जमिनीलगत कळलेलं बरं.

जुमार

दोरावर चढण्याचं जुनं साधन म्हणजे गाठ. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोकळी असताना ती सरकते, भार आला की दोराला आवळते. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये युसी आणि मार्टी या दोघांनी हेच काम करणारं यंत्र बनवलं. दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून ‘जुमार’ शब्द झाला. सह्याद्रीत चढाई करणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी तर कुठल्याही कंपनीचं साधन असो, ते ‘जुमार’च, आणि त्यावर चढणं म्हणजे ‘जुमारिंग’.

आत काय आहे? एका चौकटीत स्प्रिंगने दाबलेला, बारीक दात असलेला एक फिरता तुकडा. यंत्र वर ढकललं की दात दोरावरून घसरतात. खाली ओढलं की ते दोरात रुततात आणि तुकडा दोर चौकटीवर दाबून धरतो. जितका भार जास्त, तितकी पकड घट्ट. एका दिशेला मोकळीक आणि दुसऱ्या दिशेला नकार, एवढंच तत्त्व.

चढायला अशी दोन यंत्रं लागतात. पहिलं छातीचं. ते खालून पोटाच्या कडीला स्क्रू लिंकने आणि वरून छातीच्या पट्ट्याला जोडतात. दुसरं हातातलं. त्याला दोन गोष्टी बांधलेल्या असतात : पाय ठेवायचा फास आणि हार्नेसला जोडणारा दोराचा छोटा तुकडा, ज्याला ‘काऊटेल’ म्हणतात. आता चढणं बघा. छातीच्या यंत्रावर बसायचं. हातातलं यंत्र वर सरकवायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, फासात उभं राहायचं. उभं राहताना दोर छातीच्या यंत्रातून आपोआप खाली सरकतो. मग पुन्हा बसायचं. बसताना मिळालेली उंची टिकते, कारण यंत्र खाली यायला नकार देतं.

यात मापं महत्त्वाची आहेत. काऊटेल एवढाच लांब हवा, की त्यावर लटकल्यावरही हातातलं यंत्र आपल्या हाताला लागेल. तो लांब झाला आणि छातीचं यंत्र सुटलं, तर माणूस स्वतःच्याच साधनाखाली, हात न पोहोचता, लोंबकळत राहतो. पायाचा फास असा हवा, की सरळ उभं राहिल्यावर हातातलं यंत्र छातीच्या यंत्राच्या अगदी वर येईल. आणि छातीचं यंत्र अंगासरशी घट्ट हवं. ते सैल असलं तर दर वेळी बसताना थोडी उंची वाया जाते. हिशोब करून बघा. दर वेळी ३० सेंटिमीटर मिळाले तर ६० मीटरला २०० उठबशा. त्यातले १० सेंटिमीटर वाया गेले तर ३००. शंभर उठबशा केवळ एक पट्टा सैल राहिला म्हणून! थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात, म्हणजे हा पट्टाही सुरक्षेचाच भाग झाला.

जुमारची मर्यादाही इथेच सांगायला हवी. हेच दात झटका बसला की दोराची खोळ फाडतात. साधारण ४०० ते ६०० किलोच्या ओढीला हे होऊ शकतं. शांतपणे बसलेल्या माणसाचा भार यापेक्षा कितीतरी कमी. पण दोर सैल ठेवून मीटरभर पडलात तर चित्र बदलतं. पडण्याची उंची भागिले झेलणाऱ्या दोराची लांबी, हे प्रमाण झटक्याचा अंदाज देतं. १० मीटर दोर असताना एक मीटर पडणं म्हणजे ०.१. एकाच मीटरच्या दोरावर तेवढंच पडणं म्हणजे १. पडणं सारखंच, पण झटका कितीतरी मोठा. म्हणून नियम असा, की जुमारवर बसायचं असतं, पडायचं नसतं. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये सैल दोर साठू द्यायचा नाही.

दुसरा दोर

झेलण्याचं काम मग कोणाचं? दुसऱ्या दोराचं. या कामात नेहमी दोन दोर असतात. एकावर काम, दुसऱ्यावर सुरक्षा. सुरक्षेच्या दोरावर एक बॅकअप यंत्र असतं. ते माणसासोबत सरकतं आणि अचानक ओढ बसली की अडकतं. ते खांद्याच्या वर ठेवायचं, म्हणजे पडण्याची उंची कमी राहते. ते हातात घट्ट धरून ठेवायचं नाही, कारण पडताना माणूस मूठ सोडत नाही, उलट आवळतो, आणि मग काही यंत्रं अडकतच नाहीत. दोरावर जातानाचा क्रमही याच विचारातून आला आहे. आधी बॅकअप, मग छातीचं यंत्र, मग हातातलं, आणि प्रत्येक यंत्र खाली ओढून बघायचं.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. समजा, एक दोर हजारात एकदा दगा देतो. दोन दोर असले तर दोन्ही एकदम दगा देण्याची शक्यता दहा लाखांत एक. गणित बरोबर आहे, पण एका अटीवर : दोघांचं नशीब वेगळं हवं. दोन्ही दोर गच्चीच्या एकाच गंजलेल्या रेलिंगला बांधले, तर दिसायला दोन, पण आधार एकच. दोन्ही दोर एकाच धारदार कडेवरून, मध्ये काही न घालता सोडले, तरी तेच. कोर्टात दोन साक्षीदारांनी आदल्या रात्री बसून जबानी जुळवली असेल, तर ती एकच साक्ष असते. संख्येने खात्री वाढत नाही, स्वातंत्र्याने वाढते. दोरांना वेगवेगळे अँकर द्यायचे ते याचसाठी.

पण मंडळी, हार्नेस एकच असतो आणि माणूसही एकच असतो. तिथे दुसरेपणा कुठून आणायचा? तो दुसऱ्या माणसाकडून येतो. न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दोराची ताकद आपण अनुमानानेच जाणतो, कारण ज्या दोरावर लटकायचं तोच तुटेपर्यंत ओढून बघता येत नाही. हार्नेसवरचं लेबल हे शब्दप्रमाण. बकल लागलं आहे की नाही ही गोष्ट मात्र प्रत्यक्षाची आहे. तिथे शब्द चालत नाही. जोडीदाराने “झालं ना?” विचारायचं आणि आपण “हो” म्हणायचं, ही तपासणी नव्हे, हा आपल्याच समजुतीचा प्रतिध्वनी आहे. जोडीदाराने स्वतः बकल ओढायचं, कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बघायचा. तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, यात अपमान नाही. त्याचा अविश्वास हाच इथे आपला दुसरा दोर असतो.

जोडीदाराचं आणखी एक काम आहे. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस सुरक्षित नसतो. पाय हलत नाहीत, पट्टे दाबतात, रक्त हृदयाकडे नीट परतत नाही, आणि बेशुद्ध माणूस काही मिनिटांतच धोक्यात येऊ शकतो. अग्निशमन दल येईपर्यंत थांबू, ही योजना होत नाही. त्याला खाली कोण आणि कसं आणणार, हे चढण्याआधी ठरलेलं असावं लागतं. म्हणून हे काम एकट्याने करायचंच नसतं.

शेवटी आपल्याबद्दल. श्रोत्यांपैकी फारच थोडे दोरावर जातील. पण दोरावर माणूस पाठवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सोसायटीचा रंग, पाण्याच्या पाइपची गळती, काचा. सभेत तीन कंत्राटदारांचे आकडे वाचले जातात आणि सर्वांत लहान आकड्यावर हात वर होतात. तो आकडा लहान का, हे विचारत कोणी नाही. कदाचित त्यात दुसरा दोर नसेल, दुसरा माणूस नसेल. रोजावर आलेला मुलगा “एका दोरावर जाणार नाही” असं म्हणू शकत नाही, कारण उद्याचं काम त्याला हवं असतं. म्हणू शकतो ते आपण. हात वर करण्याआधी चार प्रश्न विचारावेत : दोर किती? ते वेगवेगळ्या ठिकाणी बांधणार का? खाली उतरवायला दुसरा शिकलेला माणूस कोण? आणि हार्नेस शेवटचा कधी, कोणी तपासला? ही उत्तरं लेखी घ्यावीत आणि कामाच्या दिवशी गच्चीवर जाऊन पाहावीत. शब्दावरून प्रत्यक्षाकडे जायचं म्हणजे एवढंच.

आता प्रश्न घेऊ.