व्हिडिओ खेळांचे बृहद् नियंत्रक : संग्रह व जतन

व्हिडिओ खेळात पडद्यावरील हालचाल घडवून आणणाऱ्या साधनास नियंत्रक म्हणतात. सामान्य नियंत्रक दोन्ही हातांत मावतो व त्यावर अनेक खेळ खेळता येतात. काही खेळांसाठी मात्र आकाराने मोठे व विशिष्ट खेळांपुरतेच उपयोगी पडणारे नियंत्रक तयार करण्यात आले. ते फार जागा व्यापत असल्याने पुष्कळदा मूळ खेळापासून वेगळे होतात. त्यामुळे चालू स्थितीतील संपूर्ण संचाला संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असते.

निन्टेंडो कंपनीचा सुपर स्कोप (१९९२) हा खांद्यावर धरावयाचा, तोफेच्या नळीसारखा नियंत्रक होय. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या ऋण किरण नलिकेत इलेक्ट्रॉन शलाका ओळीओळीने चित्र रेखाटते. शलाका नेमाच्या बिंदूवरून कोणत्या क्षणी जाते, यावरून नेमाचे स्थान ठरविले जाते. सपाट द्रव-स्फटिक पडद्यात अशी शलाका नसल्याने सुस्थितीतील सुपर स्कोपही तेथे निरुपयोगी ठरतो. म्हणून संग्राहकास जुना संचही सांभाळावा लागतो.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा स्टील बटॅलियन (२००२) हा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स यंत्रावरील खेळ या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या नियंत्रकावर दोन दांडे, सुमारे ४० कळा व पायांसाठी तीन पेडल असून अमेरिकेत खेळासह त्याची किंमत सुमारे २०० डॉलर होती. खेळाडू एका अजस्र युद्धयंत्राचा चालक असतो. यंत्र नष्ट होण्यापूर्वी झाकणाखालील कळ दाबून तो बाहेर पडला नाही, तर त्याची साठविलेली सर्व प्रगती पुसली जाते. त्यामुळे नियंत्रक हा या खेळाच्या आशयाचाच भाग बनतो. २००४ मधील पुढील भागालाही हाच नियंत्रक लागतो. तथापि तो भाग संगणकीय जालावरून खेळावयाचा होता आणि मूळ एक्सबॉक्सची जालसेवा २०१० मध्ये बंद झाली.

तबकडीवरील आज्ञावलीची प्रत काढता येते. कळांचा स्पर्श, पेडलचा प्रतिरोध व चालकाची बैठक यांची प्रत काढता येत नाही. शिवाय यंत्रभागही जीर्ण होतात. उदा., बहुतेक जुन्या एक्सबॉक्समधील घड्याळाच्या धारित्रातून द्रव पाझरून मंडलाची हानी होते. त्यामुळे ते वेळीच काढून टाकणे इष्ट असते. न उघडलेली पेटी बाजारात अधिक किंमत मिळविते. परंतु आतील दोष तिच्यात दडून राहतात. जतनाच्या दृष्टीने, अधूनमधून चालवून पाहिलेला व दुरुस्त ठेवलेला संचच अधिक उपयुक्त होय.