गळाची मासेमारी : मुळा-प्रवरेच्या पाण्यातील ठिकाणे, आमिषे व पद्धती

नदी, जलाशय व शेततळे यांच्या काठी गळ टाकून मासे धरण्याची कला आपल्या ग्रामीण भागात फार जुनी आहे. अलीकडे बाजारात चकाकणारी धातूची चमचे, फिरक्या व पिसांच्या कृत्रिम माश्या सहज मिळू लागल्या आहेत. यांपैकी पुष्कळशी साधने मूळची ट्राऊट नावाच्या माशासाठी बनविलेली आहेत. ती विकत आणून राहुरी परिसरातील पाण्यात टाकणाऱ्यांस बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागते. याचे कारण साधनात नसून पाणी व मासा यांच्या भेदात आहे. हा भेद कोणता, आपल्या पाण्यात कोणता मासा कोठे सापडतो आणि त्यास कोणते आमिष मानवते, याची माहिती ग्रामसेवकांस व शेतकरी बांधवांस असणे इष्ट होय.

ट्राऊट आपल्याकडे का नाही?

ट्राऊट हा थंड व वाहत्या पाण्यातील मासा आहे. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तरच तो सुखाने वाढतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी परदेशातून त्याची अंडी आणून काश्मीर व निलगिरी येथील थंड ओढ्यांत त्याचा प्रसार करण्यात आला. हिमाचल प्रदेशात व केरळातील मुन्नारच्या डोंगरातही तो आढळतो. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. १० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले की हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. राहुरी भागात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंशांच्या घरात जाते. तेथे ट्राऊट तग धरू शकत नाही. म्हणून त्याचे बीज आणून सोडण्याच्या भरीस कोणी पडू नये.

तथापि ट्राऊटच्या गळाचे मूळ तत्त्व मात्र येथेही उपयोगी आहे. चमचा अथवा फिरकी पाण्यातून ओढली असता ती जखमी लहान माशासारखी लकाकते व थरथरते. दुसऱ्या माशांस खाणारा कोणताही मासा अशा हालचालीस भुलतो. आपल्याकडील मरळ, शिवडा, शिंगाळा व महाशीर हे असे शिकारी मासे आहेत. याउलट कटला, रोहू, मृगळ व सायप्रिनस हे मुख्यतः वनस्पतिजन्य पदार्थ, सूक्ष्म जीव व तळातील किडे खातात. त्यांच्यापुढे दिवसभर चमचा फिरविला तरी ते त्याकडे सहसा ढुंकून पाहत नाहीत.

ठिकाणांची निवड

राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर मातीचे मोठे धरण असून त्याच्या जलाशयास ज्ञानेश्वरसागर म्हणतात. त्याची साठवण क्षमता सुमारे २६ अब्ज घनफूट आहे. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा नदी याच जिल्ह्यातून वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. त्याखेरीज पाझर तलाव, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे व शेततळी ही लहान पाणवठ्यांची ठिकाणे गावोगाव आहेत. मासे पाण्यात सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. अन्न, आसरा व प्राणवायू ही तिन्ही जेथे एकत्र मिळतात तेथे ते गोळा होतात.

जलाशयात पुढील जागा चांगल्या समजाव्यात : नदी किंवा ओढा जलाशयास मिळतो तो फुगवट्याचा भाग, पाण्यात शिरलेली खडकाळ टोके, बुडालेल्या बाभळींची खोडे, आणि पूर्वीच्या नदीपात्राच्या कडेचा उतार. ज्या काठावर वारा लागून लाटा आपटतात तेथे तरंगते अन्न जमा होते व पाण्यात हवाही मिसळते. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून सोयीने बसण्यापेक्षा वारा तोंडावर घेऊन बसणे पुष्कळदा फलदायी होते.

नदीत उन्हाळ्यात प्रवाह आटला की मासे डोहांत उतरतात. बंधाऱ्याखाली पाणी पडून फेसाळते तेथे प्राणवायू भरपूर असतो आणि वाहून आलेले किडेही मिळतात. उन्हाळ्यात पहाटे व सायंकाळी, तर थंडीत ऊन चढल्यावर मासे अधिक खातात.

मासा, त्याचा थर व त्याचे आमिष

कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ व सायप्रिनस तळाशी चरतात. गळ किती खोल सोडावा हे यावरून ठरते. कटल्यासाठी भाताचा कोंडा व शेंगदाणा पेंड यांचा मऊ, पाण्यात सावकाश विरघळणारा गोळा वापरावा. रोहूस कणकेची घट्ट मळलेली गोळी आवडते. मृगळ व सायप्रिनस यांस गांडूळ अथवा रात्रभर भिजवून उकडलेला मका लावावा. गळ टाकण्यापूर्वी अर्धा तास त्याच जागी पेंड व कोंड्याचे दोन-चार गोळे टाकल्यास मासे जमतात. मात्र शेततळ्यात अशी पेंड जास्त टाकू नये. न खाल्लेली पेंड कुजून पाण्यातील प्राणवायू खाते.

मरळ हा मासा पाण्यावर येऊन हवा घेतो. त्यामुळे पाणवनस्पतींच्या कडेला स्थिर पाण्यात वर्तुळे उमटली की तेथे तो आहे असे समजावे. त्याच्या वावराच्या पलीकडे आमिष टाकून ते वनस्पतींच्या कडेने थांबत थांबत ओढावे. त्यासाठी जिवंत बेडूक वापरण्याची प्रथा सोडून द्यावी. बेडूक शेतातील किडी खाऊन शेतकऱ्याचे काम करतात आणि त्यांच्या काही जातींस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिले आहे. रबरी बेडूक किंवा लहान चमचा यांनी तेच काम साधते. शिवडा व शिंगाळा हे सायंकाळनंतर तळाशी फिरतात. त्यांच्यासाठी गांडुळांचा झुपका अथवा मेलेला लहान मासा भार लावून तळाशी सोडावा.

साधने व पद्धती

नवशिक्यास दहा-बारा फूट लांबीची लवचिक बांबूची काठी पुरेशी आहे. रोहू-मृगळासाठी ०.३० मिलिमीटर जाडीची व मरळीसाठी ०.४० मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी घ्यावी. साध्या गळांचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो. कणकेच्या गोळीसाठी ४ ते ८ क्रमांकाचे गळ योग्य होत. गळ नखावर हलकेच टेकविला असता न घसरता रुतला, तर तो धारदार समजावा. गाठ घट्ट ओढण्यापूर्वी थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ घासून तापते व नेमक्या वेळी तुटते.

दोरीवर तरंगते बूच, त्याखाली शिशाचा लहान भार व शेवटी गळ अशी रचना करावी. भार इतकाच असावा की बुचाचे टोक तेवढे पाण्यावर दिसावे. बूच नुसते थरथरले तर थांबावे. मासा आमिष चाखीत असतो. ते तिरपे होऊन सरकू लागले अथवा बुडाले की मनगटाने झटका द्यावा. सायप्रिनस तळातील आमिष वर उचलतो तेव्हा बूच बुडण्याऐवजी आडवे पडते. तीही खूणच होय. मोठा मासा लागल्यास दोरी एकदम खेचू नये. काठी उभी धरून तिची लवचिकता कामी आणावी व मासा दमल्यावर त्यास हातजाळीत घ्यावे.

माशांच्या अंगावरील दोन्ही बाजूंच्या रेषांमध्ये पाण्यातील कंप जाणण्याची शक्ती असते. म्हणून काठावर पाय आपटीत चालू नये व आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

काय सोडावे, काय टाळावे

गळाचा मोठा गुण असा की धरलेला मासा जिवंत सोडता येतो. पावसाळ्यात मरळीची जोडी पाणवनस्पतींत घरटे करून अंडी घालते व लालसर पिलांच्या थव्याची राखण करते. या काळात ती थव्याजवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडते, म्हणून गळास सहज लागते. पण अशी एक मरळ उचलली की तिची हजारो पिले इतर माशांच्या तोंडी जातात. एका दिवसाच्या कालवणासाठी पुढील वर्षांचे मासे गमावण्यासारखेच हे आहे. पिलांचा थवा दिसताच गळ गुंडाळून दुसरीकडे जावे.

महाशीराविषयी तर विशेष दक्षता हवी. दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून प्रसिद्ध केले. (ती मुळा राहुरीच्या मुळेहून वेगळी होय.) हा मासा वाहत्या, स्वच्छ पाण्यात वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. बांधांमुळे त्याचा वर चढण्याचा मार्ग अडला, वाळूउपशाने विणीच्या जागा गेल्या व सुरुंगांनी राहिलेले मासे मारले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकापासून त्याची पैदास करून बीज सोडण्याचे काम केले आहे. गळास महाशीर लागल्यास हात ओले करून, गळ अलगद काढून, त्यास पाण्यात धरून ठेवावे. तो स्वतःच्या बळावर निघाला की सोडावे.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा मानला गेला आहे. सुरुंगाने मेलेले पुष्कळ मासे तळाशी जाऊन हाती लागतच नाहीत आणि अंडी-पिले समूळ नष्ट होतात. डोहात कीटकनाशक ओतले तर तेच पाणी खालच्या गावातील गुरे व माणसे पितात. मासे विकत घेणाऱ्याच्या ताटातही तेच विष जाते. असा प्रकार दृष्टीस पडल्यास ग्रामसेवकांनी तो ताबडतोब वरिष्ठांच्या नजरेस आणावा.

जलाशयातील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्याने दिलेले असतात. त्या माशांवर अनेक कुटुंबांची चूल अवलंबून असते. म्हणून काठावर बसण्यापूर्वी संस्थेची अनुमती घ्यावी व तिचे नियम समजून घ्यावेत.

जिवाची काळजी

धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा व कालव्याचे तोंड यांच्याजवळ गळ टाकू नये. विसर्ग सुरू झाला की नदीतील पाणी पाहता पाहता चढते. म्हणून पात्रातील खडकावर बसणाऱ्याने विसर्गाची सूचना आधी जाणून घ्यावी. प्लॅस्टिकचे अस्तर असलेले शेततळे त्याहून फसवे असते. त्याचा उतार ओला व शेवाळलेला असल्याने पोहता येणाऱ्यासही वर चढता येत नाही. अशा तळ्यात गाठी मारलेला दोर काठावरील खुंटीस बांधून आत सोडलेला असावा, हवा भरलेली ट्यूब हाताशी असावी आणि मुलांस एकटे जाऊ देऊ नये. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी स्वतः उडी न घेता दोर किंवा काठी पुढे करावी. गळाने अस्तर फाटू नये म्हणून तेथे तळाशी गळ न सोडता बुचावर लटकताच ठेवावा.

सारांश, परदेशी मासा व त्याची साधने यांच्या मागे न लागता आपल्या पाण्यातील माशांच्या सवयी ओळखाव्यात. शिकारी माशास चकाकणारे आमिष, चरणाऱ्या माशास कणीक अथवा गांडूळ, योग्य थर व योग्य वेळ एवढे साधले म्हणजे साध्या बांबूच्या काठीनेही घरच्यापुरते मासे मिळतात. विणीच्या काळात जे मासे सोडले जातील, तेच पुढे पाणवठा भरलेला ठेवतील.