शेळीची शाकारणी

मे महिना सरत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर एकच धांदल उडते. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद. होड्या ओढून वर घ्यायच्या, जाळी सुकवून उचलायची, वर झापं किंवा ताडपत्री घालून सगळं शाकारून ठेवायचं. पहिली सर कोसळण्याआधी हे उरकलंच पाहिजे, हे दर्यावर जगणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पण पडवीला बांधलेल्या शेळीची शाकारणी पुष्कळदा राहून जाते. होड्या वर असताना घराला हात देणारी हीच. शाळेची फी, दवाखाना, अडीनडीला एक बोकड विकता येतो. तिच्यासाठी हा लेख. घाटावर शेळीचा वैरी दुष्काळ, कोकणात वैरी ओल. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि इथलं शेळीपालन त्या पावसापासूनच आखावं लागतं.

इथल्या पावसाची शेळी

महाराष्ट्रात उस्मानाबादी आणि संगमनेरी या नामांकित जाती. दोन्ही चांगल्या, पण दोन्ही कोरड्या मुलखातल्या. आपल्या किनारपट्टीची म्हणून ओळखली जाते ती ‘कोकण कन्याळ’. मूळ घर सिंधुदुर्ग. अंग काळं, त्यावर पांढऱ्या खुणा, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे. कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यातल्या निळेली प्रक्षेत्रावर तिचा अभ्यास आणि पैदास केली. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद घेतली आहे. मिरकरवाड्याजवळ झाडगावात मत्स्यालय चालवणारं जे विद्यापीठ, तेच हे कोकण कृषी विद्यापीठ. माशांसाठी आपण तिथे जातोच, शेळीसाठीही त्याच विद्यापीठाकडे विचारणा करावी. दमट हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं जनावर दारात असताना दूरच्या बाजारातून दिसायला भारदस्त शेळी आणली, तर पहिल्याच पावसाळ्यात ती खोकायला लागण्याची भीती असते.

पायाखाली कोरडं

एका मोठ्या शेळीला बसायला 10 ते 12 चौरस फूट जागा लागते. ती जमिनीपासून तीन-चार फूट उंच माचाची असेल तर निम्मे आजार दाराबाहेरच राहतात. बांबू किंवा पोफळीच्या खोडाच्या पट्ट्या अर्धा इंच फट ठेवून ठोकल्या की लेंड्या आणि मूत खाली पडतं, शेळी कोरडी राहते. नवजात करडांचे पाय फटीत अडकतात, म्हणून त्यांच्या कोपऱ्यात गोणपाट किंवा पेंढा घालावा. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते. ती बाजू झापांनी बंद करावी, पण वरच्या अंगाला वारा खेळता ठेवावा. कोंदट गोठ्यात मुताची वाफ साचते आणि छातीचे आजार जडतात. माचाखालची लेंडी आठवड्याला ओढून काढली की माडाला आणि कलमांना सोन्यासारखं खत मिळतं.

ओलीत खुरं मऊ पडून सडतात. दोन-तीन महिन्यांनी वाढलेली खुरं कापावीत. लंगडणाऱ्या शेळीचे पाय मोरचूदाच्या सौम्य पाण्यात बुडवून कोरडे करावेत. ते पाणी शेळीच्या तोंडी लागू देऊ नये, मोरचूदातलं तांबं तिला विषारी ठरतं.

उंचावरचा पाला

शेळी मुळात झुडपांवरची. तोंड वर करून पाला ओरबाडणं हा तिचा स्वभाव आणि त्यातच तिचं संरक्षणही आहे. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या बुडाशी, चार बोटांच्या उंचीत राहतात. गवत खालपर्यंत खुरडून खाल्लं की त्या पोटात जातात. म्हणून पावसाळ्यात दव सुकल्याशिवाय शेळ्या सोडू नयेत आणि फणस, उंबर, शेवरी, गिरिपुष्प, सुबाभूळ यांच्या डहाळ्या छातीच्या उंचीवर टांगून द्याव्यात. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, किलोभर सुका चारा आणि पाव किलोच्या आसपास खुराक पुरतो. उरलेला भात प्रेमाने टोपलीभर पुढे ओतणं मात्र घातक. पोटात आम्ल वाढून धडधाकट शेळी दिवस-दोन दिवसांत जाते.

बंदरावर आणखी एक धोका आहे. नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे आणि मिठाचा वास लागलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या शेळी चघळते, गिळते. ते पोटात पचत नाही, पुढेही सरकत नाही. जाळं विणून झालं की धाग्याचे तुकडे गोळा करणं हीसुद्धा शेळीची निगाच.

रक्त पिणाऱ्या जंतांची चाहूल डोळ्यात लागते. खालची पापणी हलकेच ओढून पाहावी. आतली कातडी लालसर असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर रक्त आटतंय. दक्षिण आफ्रिकेत यासाठी ‘फमाचा’ नावाचा रंगांचा तक्ता तयार झाला आणि तो जगभर वापरला जातो. सगळ्या कळपाला पुन्हा पुन्हा औषध पाजलं की जंत त्याला दाद देईनासे होतात. म्हणून पावसाच्या आधी आणि नंतर लेंडी तपासून, वजनाच्या मापाने औषध द्यावं. गाभण शेळीला कोणतंही जंतनाशक डॉक्टरांना विचारूनच.

पाच महिन्यांचा हिशेब

शेळी 150 दिवसांनी विते. एवढा आकडा लक्षात ठेवला तर करडं जगतात. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत बोकड दाखवला तर वीत येते जून ते सप्टेंबरच्या मध्यात, म्हणजे ऐन पावसात. ओल्या, गार हवेत दोन किलोचं करडू तग धरत नाही. तोच बोकड जून-जुलैत दाखवला तर करडं कार्तिक-मार्गशीर्षात, कोवळ्या उन्हात येतात.

पाट, म्हणजे तरुण मादी, अंगाने भरल्याशिवाय, साधारण दहा महिन्यांची झाल्याशिवाय, भरवू नये. माज 18 ते 21 दिवसांनी येतो आणि दीड दिवसापर्यंत टिकतो. शेपटी हलवणं, ओरडणं, खाण्यावरून मन उडणं या त्याच्या खुणा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवावा. 20 ते 25 शेळ्यांना एक बोकड पुरतो. दोन-दोन शेळ्यांच्या दहा घरांनी मिळून एक चांगला बोकड ठेवावा आणि दोन वर्षांनी तो दुसऱ्या वाडीशी बदलावा. नाहीतर लेकी बापाकडून गाभण राहतात आणि वंश खुरटतो.

करडू पडलं की नाकातोंडातला चिकटा पुसावा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावं आणि पहिल्या तासाच्या आत चीक पाजावा. आईची रोगाशी लढण्याची ताकद करडाला चिकातूनच मिळते.

सुई पावसाआधी

शेळ्यांचा सर्वांत मोठा मारेकरी पीपीआर. 1942 साली आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये तो प्रथम नोंदला गेला, भारतात 1987 साली तामिळनाडूत आढळला. ताप, नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, तोंडात फोड, हगवण. आणि बघता बघता गोठा रिकामा. तीन महिन्यांवरच्या करडाला टोचलेली लस साधारण तीन वर्षं पुरते. हा रोग 2030 पर्यंत जगातून हद्दपार करण्याचा निर्धार जागतिक संस्थांनी केला आहे. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाआधी, नव्या जनावराला पंधरवड्याच्या अंतराने दोनदा. विकत आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधावी, मगच इतरांत सोडावी.

विकतानाही घाई नको. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. कुर्बानीचा बोकड वर्षाचा आणि निर्दोष लागतो. त्या तारखेवरून मागे मोजत बोकड राखले तर भाव हाती राहतो. अंदाजाने न विकता ताजव्यावर विकावा.

आधी दोन-तीन शेळ्या ठेवाव्यात, एक पावसाळा काढून पाहावा, मग वाढवाव्यात. पुढच्या वर्षी होडीवर झापं चढवाल, त्याच दिवशी मागच्या परसात जाऊन माचाची फळी हलवून बघा, गळणारं कौल बदला, दवाखान्यात लसीची चौकशी करा. ऑगस्टात होडी पुन्हा पाण्यात उतरेल तेव्हा शेळीही माचावर कोरड्या अंगाने रवंथ करताना दिसली पाहिजे.