वस्तीवरील कुत्रें : पिल्लूं कोणाकडून घ्यावें व घरीं कसें रुळवावें

बैल विकत घ्यावयाचा झाला म्हणजे आपण चार बाजार हिंडतों, दांत पाहतों, खूर व खांदा तपासतों, आणि जमल्यास त्याच्या धन्याचा गोठाही पाहून येतों. बियाण्याची गोष्ट तशीच. परंतु वस्तीवर राखणीस कुत्रें आणावयाचें झालें कीं हें सारें शहाणपण आपण गुंडाळून ठेवतों. बाजाराच्या वाटेवर कोणी टोपलींत पिल्लें घेऊन बसलेला असतो. त्यांतलें जें गुबगुबीत दिसेल तें मुलांच्या हट्टाखातर उचलून आणतों. पुढें तें मेलें तर दैव, चावरें निघालें तर जात वाईट, आणि पळून गेलें तर बेइमान, असा निकाल देऊन मोकळे होतों. वास्तविक कुत्र्याची सोबत दहा-बारा वर्षांची असते. म्हणून पिल्लूं कोणाकडून घ्यावें आणि पहिले कांहीं आठवडे तें कसें संभाळावें, ह्याविषयीं आम्हांस जें कळलें आहे तें येथें देत आहों.

हें ज्ञान आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आठवड्याच्या बाजारांतून आम्ही एक पिल्लूं आणलें. विकणाऱ्यानें वय दोन महिने सांगितलें. घरीं तोंड उघडून पाहिलें तों दुधाचे पुढले दांत नुकते वर आलेले व दाढांचा पत्ता नाहीं, म्हणजे तें जेमतेम महिन्याचें होतें. चवथ्या दिवशीं त्यास ओकाऱ्या सुरू झाल्या, मागून रक्ताची हगवण लागली, आणि पहांटेस तें गेलें. मुलांचें रडें पाहवेना म्हणून महिन्याभरांत दुसरें पिल्लूं आणलें. तेंही त्याच रोगानें, गोठ्याच्या त्याच कोपऱ्यांत मेलें. पशुवैद्यांनीं सांगितलें तेव्हां कळलें कीं हा पार्व्हो नांवाच्या विषाणूचा रोग असून त्याचें बीज जमिनींत कित्येक महिने, कधीं वर्षभरही, टिकून राहतें. पहिलें पिल्लूं विकणाऱ्याच्या लोभानें गेलें. दुसरें आमच्या अज्ञानानें.

आधीं काम ठरवा, मग जात

कुत्रें कशासाठीं पाहिजे हें प्रथम मनाशीं ठरवावें. रात्रीं वस्तीवर कोणी आलें तर भुंकून जागें करणें हें एक काम. उभ्या पिकांतून डुकरें व वानरें हुसकणें हें दुसरें. मेंढरांच्या कळपाबरोबर राहणें हें तिसरें. एकच कुत्रें हीं तिन्ही कामें सारखींच करील अशी अपेक्षा धरूं नये.

आपल्या भागांत अलीकडे मुधोळ कुत्र्यांची हौस वाढली आहे, व ती अस्थानीं नाहीं. कारवान अथवा कारवानी ह्या नांवानेंही हीं कुत्रीं ओळखलीं जातात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनीं ह्या जातीस आश्रय दिला. २००५ सालीं देशी कुत्र्यांच्या टपाल-तिकिटांवर हिला स्थान मिळालें, आणि २०१६ सालीं सैन्यानें हीं कुत्रीं मेरठ येथें परीक्षेसाठीं नेलीं. परंतु उंच पाय, खोल छाती आणि बारीक कंबर ह्यांचें हें जनावर मुख्यतः नजरेनें हेरून धांवणारें आहे. त्यास रोज मोकळें धांवूं दिलें पाहिजे. दिवसभर सांखळीला बांधल्यास तें बिघडतें. तसेंच त्याच्याकडून ससा किंवा हरीण धरविण्याची हौस कोणी बाळगूं नये. वन्य प्राण्यांची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे.

केवळ रात्रीची राखण पाहिजे असेल तर आपल्या गांवठी कुत्र्यास कमी लेखूं नये. येथलें ऊन, येथलें अन्न व येथले रोग ह्यांना तें पिढ्यानपिढ्या तोंड देत आलें आहे. दाट केंसांचीं थंड मुलुखांतलीं कुत्रीं केवळ रुबाबासाठीं आणून त्यांस वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं बांधणें ही निव्वळ क्रूरता होय.

पिल्लापेक्षां आई पाहावी

चांगला पैदासकार कसा ओळखावा, असें कोणी विचारल्यास आमचें उत्तर एका वाक्याचें आहे : जो आई दाखवितो तो चांगला. पिल्लूं दोन घटका खेळतें तेव्हां सगळींच पिल्लें सारखीं गोड दिसतात. परंतु आईकडे पाहिलें म्हणजे वर्षानंतर हें पिल्लूं कसें होईल ह्याचा अंदाज येतो. ती परक्या माणसास पाहून भुंकते, परंतु धन्यानें सांगतांच शांत होते काय? कीं शेंपूट पोटाशीं घेऊन कोपऱ्यांत दडते? भित्र्या आईचीं पिल्लें पुष्कळदां भित्रीं निघतात, आणि चावण्याचे प्रसंग रागापेक्षां भीतीनेंच अधिक घडतात. आई "गांवाला पाठविली आहे," "दुसऱ्या वस्तीवर आहे," अशीं उत्तरें मिळाल्यास तेथून सरळ परत फिरावें.

आई पाहून झाल्यावर जागा पाहावी. पिल्लें कोरड्या व झाडलेल्या जागेंत आहेत काय, पाणी स्वच्छ आहे काय, माणसें त्यांना रोज हाताळतात काय, हें न विचारतांही दिसतें. मग प्रश्न करावे. बाप कोणता? तो आईचा सख्खा भाऊ किंवा मुलगा तर नाहीं? जवळच्या रक्ताचा संकर पुन्हां पुन्हां केल्यास वंश दुबळा होतो, हें गाई-म्हशींप्रमाणें येथेंही खरें आहे. ही कुत्री कितव्यांदा व्याली? मागच्या वेतांतलीं पिल्लें कोणाकडे गेलीं? त्यांतल्या एखाद्या घरीं जाऊन पाहतां आलें तर त्यासारखा दुसरा दाखला नाहीं. वंशावळीचा कागद दाखविल्यास तो पाहावा. परंतु तो कुळाचा दाखला असतो, प्रकृतीचा नव्हे, हें विसरूं नये.

कायद्याचीही माहिती असावी. २०१७ सालीं केंद्र सरकारनें कुत्र्यांची पैदास व विक्री ह्यांसंबंधीं नियम केले. त्यांप्रमाणें पैदासकारानें राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, व आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं विकतां येत नाहीं. हा आठ आठवड्यांचा नियम केवळ कागदी नाहीं. चावा किती जोराचा घ्यावा आणि कोठें थांबावें हें पिल्लूं आपल्या आईपाशीं व भावंडांतच शिकतें. तें शिक्षण पुरें होण्याआधीं तोडलेलें पिल्लूं पुढें चावरें किंवा घाबरट होण्याचा संभव अधिक.

उलट तपासणीस तयार असावें. तुमच्याकडे जागा किती, दिवसा घरीं कोण असतें, पूर्वीं कुत्रें होतें त्याचें काय झालें, असें जो पैदासकार तुम्हांलाच विचारतो त्याचा राग मानूं नये. मुलगी देणारा चौकशी करतो तसाच तो करीत आहे.

मुधोळ जातीचें पिल्लूं घेणारांनीं मुधोळ तालुक्यांत स्वतः जाऊन यावें. तेथील कित्येक शेतकरी कुटुंबें हीं कुत्रीं जोडधंदा म्हणून पाळतात, आणि जवळच तिम्मापूर येथें कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. गांवठी पिल्लूं घेणारास तर इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. शेजारच्या वस्तीवरील जी कुत्री चार-पांच वर्षें आपल्या डोळ्यांसमोर राखण करीत आहे, जिनें कधीं कोंबडी धरली नाहीं कीं पोराला ओरखडलें नाहीं, तिचें पिल्लूं मागून घ्यावें. असा शेजारी हाच आपला पैदासकार.

पिल्लाची परीक्षा

आठ आठवड्यांच्या पिल्लास दुधाचे अठ्ठावीस दांत बहुधा पुरे आलेले असतात. वयाची ही पहिली साक्ष. डोळे स्वच्छ, नाक न वाहणारें, हिरड्या गुलाबी, कानांस घाण वास नाहीं, शेंपटीखालचा भाग कोरडा, अशी पाहणी करावी. बरगड्या दिसत असून पोट नगाऱ्यासारखें असेल तर जंत झाले आहेत असें समजावें. नंतर थोडें दूर बसून हलकेच टाळी वाजवावी. जें पिल्लूं दचकतें, पण लगेच सावरून चौकशीस पुढें येतें, तें घ्यावें. सर्वांना ढकलून अंगावर येणारें व कोपऱ्यांतून न हलणारें, हीं दोन्ही टोकें नवख्यानें टाळावीं.

पहिला दिवस व पहिली रात्र

पिल्लूं सकाळीं आणावें, म्हणजे रात्र होण्यापूर्वीं जागेची ओळख होते. येतांना आईच्या अंगाखालचा एक फडका मागून आणावा व तो खोक्यांत अंथरावा. त्या दिवशीं सारी आळी गोळा करून पिल्लूं हातोहात फिरवूं नये.

पहिल्या दोन-चार रात्रीं पिल्लूं रडणार हें धरून चालावें. जन्मल्यापासून तें ऊबेच्या ढिगांत झोंपलें आहे. आज प्रथमच एकटें पडलें आहे. त्यास गोठ्यांत एकटें कोंडूं नये, घरांतल्या माणसाच्या खाटेजवळ खोकें ठेवावें. हात खालीं सोडला तरी पुष्कळदां तेवढ्यानें तें निजतें. ह्यानें कुत्रें लाडावतें असें कित्येक म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. ज्याची पहिली भीति माणसाजवळ शमली, तेंच पुढें त्या माणसासाठीं अंधारांत उभें राहतें.

बिबळ्याच्या मुलुखांत तर पिल्लूं रात्रीं बाहेर ठेवणें म्हणजे त्याचा घास काढून ठेवणें होय. उंसाच्या पट्ट्यांत बिबळ्या कुत्र्यांवर मोठ्या प्रमाणांत जगतो, हें अकोले तालुक्यांतील शास्त्रीय पाहणींत दिसून आलें आहे. तेथें मोठें कुत्रेंही रात्रीं दाराआड असावें.

आहार

पहिला आठवडा पैदासकार जें देत होता तेंच द्यावें. नंतर हळूहळू आपलें अन्न मिसळावें. तीन महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, व पुढें दोन वेळां खाणें पुरे. नुसती भाकरी व ताक ह्यांवर पिल्लाचें हाड भरत नाहीं. उकडलेलें अंडें, शिजविलेलें मांस किंवा मासे ह्यांची जोड पाहिजे. दूध फार झाल्यास ढाळ लागते. शिजविलेलें हाड फुटून आंतड्यांस टोंचतें, म्हणून तें देऊं नये.

कांदा व लसूण कुत्र्यास अपायकारक आहेत. द्राक्षबागाइतदारांनीं तर विशेष जपावें, कारण द्राक्षें व बेदाणे ह्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. बेदाण्याच्या शेडपासून पिल्लूं दूर ठेवावें. उंदरांचें औषध, फवारणीचे रिकामे डबे व औषध लावलेलें बियाणें उंचावर कुलुपांत असावें. जनावरांच्या गोचिडांवरील औषध पशुवैद्यांस विचारल्यावांचून पिल्लाच्या अंगास लावूं नये.

जंत व लसी

पहिल्या दोन-तीन दिवसांतच पिल्लूं पशुवैद्यांस दाखवावें. जंतांचें औषध दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत पंधरवड्यानें व नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा देण्याचा प्रघात आहे. पार्व्हो व डिस्टेंपर ह्यांवरील लस सहा ते आठ आठवड्यांचे सुमारास प्रथम टोंचतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, पिल्लूं सोळा आठवड्यांचें होईपर्यंत, पुन्हां टोंचतात. एकच टोंचून भागत नाहीं. कारण आईच्या दुधांतून आलेली प्रतिकारशक्ति कांहीं आठवडे लशीस काम करूं देत नाहीं, व ती केव्हां ओसरेल हें बाहेरून दिसत नाहीं. ज्या अंगणांत पूर्वीं पिल्लूं हगवणीनें मेलें असेल तेथें लसी पुऱ्या झालेलें कुत्रेंच आणावें. हा नियम आम्ही दोन पिल्लें गमावून शिकलों.

पिसाळ रोगावरील लस तिसऱ्या महिन्यांत टोंचावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती चालू ठेवावी. ह्यांत एक वर्षाचीही हयगय नको. लस न टोंचलेल्या किंवा अनोळखी कुत्र्याचा दांत लागल्यास, मग तें पिल्लूं कां असेना, जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. लक्षणें दिसूं लागल्यावर ह्या रोगांतून माणूस बहुधा वांचत नाहीं. हळद, चुना किंवा अंगारा ह्यांत वेळ दवडूं नये.

ओळखी व शिस्त

तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पिल्लाचें मन ओल्या मातीसारखें असतें. त्या काळांत जें सौम्यपणें पाहावयास मिळेल तें त्यास जन्मभर आपलें वाटतें. लसी पुऱ्या होईपर्यंत त्यास बाजारतळावर किंवा भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर सोडूं नये, परंतु कडेवर घेऊन ट्रॅक्टर, मळणीयंत्र, बैल, पाहुणे व शाळेचीं मुलें हीं सारीं दाखवावीं. कोंबड्या व वासरें ह्यांची ओळख दोरी हातांत धरूनच करून द्यावी. एकदां पाठलागाची गोडी लागली कीं ती मोडणें कठीण.

झोंपून उठल्यावर व खाल्ल्यावर लगेच त्यास ठरलेल्या जागीं न्यावें आणि तेथें काम उरकल्यावर शाबासकी द्यावी. घरांत घाण केल्यास नाक घासणें व मारणें ह्यांनीं तें स्वच्छता शिकत नाहीं, धन्यापासून लपावयास मात्र शिकतें. चवथ्या ते सहाव्या महिन्यांत दांत बदलतात. तेव्हां ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जातील. त्या वेळीं काठीऐवजीं चावावयास जाड दोरखंडाचा तुकडा द्यावा.

आमच्या दारांत आज जी कुत्री आहे ती शेजारच्या मळ्यांतल्या ओळखीच्या आईची. तिचे नऊ आठवडे भरेपर्यंत आम्ही थांबलों, आणि त्या अवधींत चार वेळां जाऊन तिला पाहून आलों. वाचकांपैकीं ज्यांस येत्या हंगामांत पिल्लूं आणावयाचें असेल त्यांनीं टोपलीपाशीं थांबूं नये. आधीं आईच्या अंगणांत जाऊन यावें, एवढीच आमची विनंती आहे.