दहावीतला उशिरा आलेला पाठ

शाळेत लैंगिक शिक्षण असावं की नसावं, यावर आपल्याकडे अजूनही हिरिरीने वाद होतात. कागदावर मात्र हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. बालभारतीच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग २ मध्ये मानवी प्रजनन सविस्तर दिलेलं आहे. स्त्री-पुरुषांच्या प्रजननसंस्था, मासिक पाळीचं चक्र, सरोगसी आणि लैंगिक संबंधांतून होणारे आजार, सगळं त्यात आहे. भांडायचंच असेल तर वेळेवरून भांडायला हवं. हा पाठ हाती पडतो तोवर बहुतेक मुलींची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात, मुलांचा आवाज फुटलेला असतो, आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्यांच्यातली कित्येक मुलं-मुली शाळेबाहेर गेलेली असतात. उरलेल्यांसाठी तो 'आकृती काढून भागांना नावे द्या' एवढ्यापुरता असतो. पुष्कळ वर्गांत तर 'हे घरी वाचून या' म्हणून पान उलटलं जातं.

या उशिराचा सर्वात मोठा फटका सरकारी शाळांतल्या मुलांना बसतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सरकारी शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, आणि ती बहुतेक गावांत चौथी-पाचवीला, फार तर सातवी-आठवीला संपते. पुढचं हायस्कूल सहसा एखाद्या शिक्षणसंस्थेचं, अनुदानित आणि बऱ्याचदा दुसऱ्या गावात असतं. प्रजननाचा पाठ दहावीत ठेवला की सरकार स्वतः चालवत असलेल्या बहुसंख्य शाळांवर या विषयाची जबाबदारीच येत नाही. सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही चौदाव्या वर्षापर्यंतच हात धरतो. त्यानंतर मुलींचं काय होतं, ते २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं. महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालं होतं. बीड-परभणीकडे हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी ६.८ टक्के होती. स्वतःला पुढारलेलं म्हणवणारं राज्य इथे सरासरीच्याही मागे होतं. नुसत्या पाठामुळे बालविवाह थांबतील असं नाही. ऊसतोडीला जाणारं कुटुंब वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर गावात ठेवणार, हा प्रश्न पुस्तकाने सुटत नाही. पण सतराव्या वर्षी गरोदर राहिलेल्या मुलीला आपल्या शरीरात काय चाललं आहे, हेसुद्धा शाळेने कधी सांगितलेलं नसावं, याला गरिबीचं कारण पुरत नाही.

'हे घरच्यांचं काम आहे, शाळेचं नव्हे', हा आक्षेप चांगल्या मनाची माणसंही घेतात. घरात हे काम होत असतं तर प्रश्नच नव्हता. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिली पाळी येण्याआधी पाळी म्हणजे काय हे जेमतेम निम्म्या मुलींना माहीत होतं. बाकीच्यांना ते कळलं कपड्यावरचा डाग पाहून. मग आई किंवा आजी 'कावळा शिवला' म्हणून कोपरा दाखवते. २०१८ मध्ये राज्याने अस्मिता योजना आणली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट देऊ केलं. चांगलंच केलं, पण ते पाकीट कशासाठी हे वर्गात मोकळेपणाने कोण बोलणार, हे अनुत्तरितच राहिलं. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, तेव्हा पाळी कोणाला आली आहे हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. अज्ञान फक्त मुलांकडेच असतं असं समजायला नको.

मुलग्यांचा तर विचारच होत नाही. झोपेत वीर्यस्खलन होणं हा रोग नाही, एवढं एक वाक्य सातवीत कोणी सांगितलं तर पुढची कितीतरी भीती टळेल. ते कोणी सांगत नाही, म्हणून एसटी स्टँडच्या भिंतीवरचा 'गुप्तरोग' वैद्य सांगतो आणि आता मोबाइल सांगतो. मोबाइलवर जे दिसतं त्यात संमती नावाची गोष्ट नसते.

लवकर सांगितलं तर मुलं नको ते करून बघतील, ही भीती मात्र खरी आहे आणि तिला पुराव्यानेच उत्तर द्यायला हवं. युनेस्कोने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं सुधारताना २२ पद्धतशीर आढावे आणि ७७ नियंत्रित चाचण्या विचारात घेतल्या होत्या. शाळेत लैंगिक शिक्षण दिल्याने मुलांचा लैंगिक व्यवहार वाढत नाही, जोखीमही वाढत नाही, असा त्यातून निष्कर्ष निघाला. 'लैंगिक संबंध नकोच' एवढंच शिकवणारे कार्यक्रम मात्र निष्प्रभ ठरले. आपल्याकडे हा विचार पश्चिमेचा म्हणून झिडकारण्याची सोय आहे. २००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाल्यावर राज्य सरकारने किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, तेव्हा संस्कृतीचाच दाखला दिला गेला होता. पण मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं त्याच १९२१ साली र. धों. कर्वे मुंबईत तसंच केंद्र चालवू लागले होते, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक मराठीत निघत होतं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. ही संस्कृती कोणाची म्हणायची?

सर्वात वजनदार अडचण शिक्षकांची आहे आणि तिची चर्चा सर्वात कमी होते. बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायद्यानुसार अठराखालील कोणाशीही लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्याची माहिती मिळूनही ती न कळवणारा शिक्षक स्वतः शिक्षेला पात्र ठरतो. अत्याचार दडपले जाऊ नयेत म्हणून हे कलम हवंच. पण मोकळेपणाने बोला म्हटल्यावर सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या मित्राबद्दल सांगितलं, तर बाईंनी काय करायचं? पोलिसांत जायचं की ऐकलंच नाही असं दाखवायचं? या धास्तीने कित्येक शिक्षक विषयच टाळतात. यावरही तोडगा लवकर सुरुवात करण्यातच आहे. पाचवी-सहावीत शरीर, पाळी, नको असलेला स्पर्श आणि 'कोणाला सांगायचं' हे शिकवताना हा पेच क्वचितच येतो, आणि अत्याचार होत असेल तर तो उघडकीला येण्याची वाटही तिथे खुली होते. अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीचाच निघतो, म्हणून कोणाला सांगायचं हे मुलांना आधीच माहीत असावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे शिक्षण नववीपासून नव्हे, त्याआधीपासून द्यावं असं म्हटलं.

त्यासाठी यंत्रणा नव्याने उभारायची गरज नाही. केंद्राच्या फेब्रुवारी २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, 'आरोग्यदूत' म्हणून तयार करायचे आहेत. त्यांच्या ११ विषयांत प्रजनन आरोग्यही आहे. झारखंडने 'उडान' हा कार्यक्रम २००६ मध्ये सुरू केला, आणि इतर राज्यं बंदी घालत असताना तो सरकारी शाळांत चालू ठेवला. महाराष्ट्रात या दोन शिक्षकांच्या प्रशिक्षणात पॉक्सोच्या पेचावर एक पूर्ण दिवस हवा. सहावीसाठी या विषयाची पुस्तिका करून ती जूनमधल्या पहिल्या पालकसभेत पालकांच्या हाती द्यावी, आधी त्यांनी वाचावी. आक्षेप आलेच तर मग ते पुस्तकातल्या चित्रांविषयीच्या अफवांवर न येता छापलेल्या वाक्यांवर येतील, आणि तेव्हा शिक्षकांना एकटं न सोडता गटशिक्षणाधिकाऱ्यांनी स्वतः सभेला हजर राहावं.