बस्ता, बत्ती आणि हाली रुपया : जालना परिसरातील युद्धकाळातील सोयरिकी (१९३९–१९४८)

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा जालना हा जिल्हा नव्हता. जालना, अंबड, भोकरदन हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्यात होता, तर परतूर परभणीत. जालना जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. युद्ध या मुलखापासून दूर लढले गेले. तरी ते लग्नघरापर्यंत पोहोचले, आणि पोहोचले ते मुख्यतः बाजारातून. सोयरिकी मोडल्या नाहीत. पण देण्याघेण्याच्या याद्यांमध्ये काय लिहायचे, बस्ता कुठे बांधायचा, पंगत किती वाढायची, यांची गणिते बदलली.

या भागातील सोयरिकींचा विस्तार आधी पाहिला पाहिजे. जालन्याहून पूर्वेला सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा जवळ. पण ती गावे वऱ्हाडात, म्हणजे ब्रिटिश अमलाखाली. संस्थानातल्या जाफराबाद-भोकरदनच्या घरांचे रोटीबेटी व्यवहार बुलढाण्याकडे पिढ्यानपिढ्या चालत. सिंदखेडच्या जाधवांची लेक वेरूळच्या भोसल्यांकडे गेली ती याच टापूतून. चाळीसच्या दशकात मात्र या जुन्या वाटेवर राज्याची सीमा होती. अलीकडे निजामाचा हाली रुपया, पलीकडे ब्रिटिशांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. त्यामुळे सीमेपलीकडच्या सोयरिकीत हुंड्याचा आकडा कोणत्या नाण्यात, हे यादीतच स्पष्ट करावे लागे. वऱ्हाडातून आलेल्या मालावर संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकात, बसे. सरकारी कागदांची भाषा उर्दू आणि तारखा फसली महिन्यांच्या. लग्नाची तिथी मात्र पंचांगातील शक-महिन्यांची. मुस्लीम कुटुंबांच्या निकाहनाम्यातही मेहेरची रक्कम कोणत्या शिक्क्यात, हा मुद्दा येई.

कायदेही दोन होते. मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही किमान वयाची अट घालणारा सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. संस्थानी प्रजेवर तो बंधनकारक नव्हता. एकाच नात्यागोत्यातील दोन मुलींच्या लग्नाचे वय कायद्याने वेगळे ठरावे आणि कारण एवढेच असावे की एक जाफराबादेत जन्मली नि दुसरी देऊळगावराजात, ही त्या काळातील सर्वांत बोचरी विसंगती होती.

युद्धाची पहिली झळ नाण्यांना लागली. १९४० मध्ये कलदार रुपयातील चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली गेली आणि एक रुपयाची कागदी नोट आली. पुढल्या वर्षी राणीछाप रुपये चलनातून काढण्यात आले. खेड्यातल्या घरात हे रुपये म्हणजे साठवलेली चांदी होती. मुलीचे तोडे, वाळे, कमरपट्टा त्यांतूनच घडे. ते सरकारकडे परत करण्यापेक्षा मडक्यात किंवा सोनाराच्या मुशीत जाणे स्वाभाविक होते. सोन्याचा भाव युद्धकाळात दुपटीच्या आसपास पोहोचला. ज्याच्याकडे कापूस विकून पैसा आला त्याला हे झेपले. कोरडवाहू ज्वारीवर जगणाऱ्या बापाला मंगळसूत्राचे मणीही जड झाले. ‘लग्ने साधी झाली’ असे सरसकट म्हणताना हा फरक विसरला जातो. साधेपणा काहींनी निवडला, बहुतेकांवर तो लादला गेला.

सगळ्यांत मोठी ओढाताण बस्त्याची. बस्ता म्हणजे दोन्ही बाजूंची थोरली माणसे कापडदुकानात बसून नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, विहिणींची लुगडी, मानकऱ्यांची धोतरे-उपरणी आणि पटके एकदमच घेत तो सोहळा. आसपासच्या खेड्यांसाठी जालना ही त्याची मोठी पेठ होती. शहराचा व्यापार कापसाचा. सरकी काढणारे जिन आणि गासड्या बांधणारे प्रेस इथे होते, आणि मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज रेल्वेने रुई बाहेर जात असे. ज्या शिवारात कापूस पिकला त्याच शिवारातल्या लग्नात कापड मिळेनासे झाले. गिरण्यांचा बराच माल लष्कराच्या मागणीकडे वळला होता. भाव इतके चढले की ब्रिटिश हिंदुस्थानात जून १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि ताग्यांवर कमाल किमतीचा छाप मारणे सक्तीचे झाले. संस्थानातही नियंत्रणे आली. छापील भावाने माल संपलेला आणि चढ्या भावाने तोच माल हजर, हा अनुभव लग्नघराला इतरांहून अधिक येई, कारण त्याला थांबता येत नसे. तिथी ठरलेली असली की दुकानदार मागेल तो दाम द्यायचा, नाहीतर मानपानातली लुगडी कमी करायची. दुसरा मार्ग नात्यातला रुसवा ओढवणारा. तरीही तोच अधिक घरांनी पत्करला असावा.

रॉकेल ही दुसरी अडचण. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारे तेल थांबले. रात्रीची वरात गॅसबत्त्यांवर चाले. रॉकेल नसेल तर बत्ती नाही. करडईच्या तेलात भिजवलेले पलिते पुन्हा हाती घ्यावेत किंवा सगळे उजेडी उरकावे, एवढेच पर्याय होते. ब्रह्मी तांदूळ बंद झाल्याची झळ मात्र इथे कमी बसली. हा ज्वारीचा प्रदेश. पंगतीची भिस्त पोळी, वरण आणि गुळाच्या लापशीवर. साखर दुर्मीळ झाली तेव्हाही गूळ होता. खरा धाक होता लेव्हीचा. संस्थानने शेतकऱ्याकडून सक्तीने धान्य घ्यायला सुरुवात केली आणि लग्नासाठी पेवात राखलेली ज्वारी हिशेबात धरली जाण्याची भीती निर्माण झाली.

पेट्रोलचे रेशनिंग १९४१ पासूनचे. कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी आल्या, पण लग्नाच्या वऱ्हाडासाठी भरवसा बैलगाडीचाच. त्यामुळे जवळच्या गावातली सोयरीक अधिक सोयीची ठरली. त्यातच १९४४–४५ मध्ये सिंहस्थ आला. मुहूर्तशास्त्राच्या रूढ नियमाप्रमाणे गोदावरीच्या उत्तर तीरापासून गंगेपर्यंत सिंहस्थात विवाह वर्ज्य, आणि जालना-अंबडचा प्रदेश नेमका गोदेच्या उत्तरेला. पंचांग काटेकोर पाळणाऱ्या घरांना लग्ने आधी उरकावी लागली किंवा लांबवावी लागली. आर्य समाजाचा प्रभाव असलेल्या कुटुंबांत मुहूर्त, मानपान यांना फाटा देणारा वैदिक विवाह याच काळात रुळत होता. टंचाईने त्याला व्यावहारिक आधारही दिला.

१९४५ मध्ये महायुद्ध संपले, पण या भागाचा कठीण काळ संपला नाही. ऑगस्ट १९४७ नंतर संस्थान भारताबाहेर राहिले आणि सीमा कडक झाली. संस्थानात जाणाऱ्या मालाची कोंडी होऊन रॉकेल, मीठ, औषधे पुन्हा दुर्मीळ झाली. १९४८ च्या लग्नसराईत, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, निजामसमर्थक सशस्त्र रझाकारांची दहशत खेड्यापाड्यांत पसरली होती. ज्यांचे सोयरे वऱ्हाडात होते त्यांनी बायका-मुले तिकडे हलवली. पिढ्यानपिढ्या जोडलेली नातीच अशा वेळी आसरा ठरली. उपवर मुलीचे लग्न लवकर उरकून टाकण्याची घाई अशा दहशतीत वाढते आणि तिचा भार कोवळ्या मुलींवर पडतो. त्यांना कोणी विचारले नाही, ही या साऱ्या काळातील सर्वांत दुःखद बाजू आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या भारताच्या पोलीस कारवाईने रझाकारांचा अंमल संपला. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात मुस्लीम कुटुंबांवर सूडाचे आघात झाले आणि उद्ध्वस्त होण्याची पाळी त्यांच्यावर आली.

विलीनीकरणानंतर हाली रुपया टप्प्याटप्प्याने चलनातून गेला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वधूचे किमान वय १५ आणि वराचे १८ ठरवले. नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्यानंतर जाफराबाद-देऊळगावराजाच्या सोयरिकीत ना नाण्याचा भाव काढावा लागला, ना बस्त्यावर जकात भरावी लागली.